पावण्याचा फोटो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. — थांबा, पहिल्याच वाक्यात खोटं नको. यातलं अर्धं मी चारचौघांत सांगितलंय, हसत हसत, टाळ्या घेत. उरलेलं अर्धं बायकोलासुद्धा ठाऊक नाही. आणि जे अर्धं सांगत आलो, ते सांगायचं कारणच हे होतं की उरलेल्याबद्दल कुणी विचारू नये.

मग आता तुम्हाला का सांगतोय? तुमच्यावर विश्वास आहे म्हणून? छे. विश्वास माझा कुणावरच नाही. कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन ते ओढून बघतो. बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बघतो, मग कोण म्हणून विचारतो, मग सेफ्टी डोअरच्या जाळीतून बोलतो. भाचा सहज भेटायला आला तरी मनात येतं — यानं काय काम काढलं असेल? भाजीवालीनं वजन बरोबर दिलं तर मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. बायको म्हणते, तुमच्या डोक्यात पोलीस ठाणं बसलंय. बरोबर आहे तिचं. माझी उमेदीची सगळी वर्षं तिथल्या बाकावर बसण्यात गेली.

मी पोलीस नव्हे. कोल्हापुरातल्या एका दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या द्यायचो. कुठलं दैनिक ते विचारू नका, सांगणार नाही. रोज दुपारी शहरातल्या ठाण्यांची फेरी मारायची, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर टेकायचं, चहा प्यायचा, कालपासून कुठं काय घडलं ते उतरवून घ्यायचं आणि ऑफिसात येऊन लिहायचं. ‘अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा उचकटून’ — हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल? हात आपोआप चालायचा. नवीन घर फुटलं तरी वाक्य जुनंच असायचं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. गावात खिडक्यांना ग्रिल लागायला लागली होती. आधी तळमजल्याला, मग दुसऱ्या मजल्याला, मग तिसऱ्यालाही — तिथं चोर काय उडत येणार होता? अपार्टमेंट उभी राहिली तशी त्यांच्या गेटवर पाट्या आल्या, ‘विक्रेत्यांना सक्त मनाई’. जिन्यात भेटलेल्या माणसाला लोक नमस्कार करण्याआधी खालपासून वरपर्यंत बघून घ्यायला लागले. हे सगळं आपोआप झालं असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. रोज सकाळी चहाबरोबर कडीकोयंडा उचकटून आम्हीच तर त्यांच्या घरात शिरत होतो.

आमच्याकडचा एक शब्द आहे — पावणं. म्हणजे पाहुणे. पण कोल्हापुरात त्याला नातं लागत नाही. रस्ता विचारणारा पावणं, एसटीत शेजारी येऊन बसलेला पावणं, दुकानात चपला बघायला आलेला पावणं. ‘पावणं, कोण गाव?’ असं विचारलं म्हणजे सरकून बसायला जागा दिली असं समजायचं. गाव सांगितलं की त्या गावातलं कुणीतरी ओळखीचं निघायचं आणि मग चहा सांगितला जायचा. त्या वर्षांत प्रश्न तोच राहिला, विचारणारेही तेच, आवाज मात्र बदलला. गेटवर, गल्लीच्या तोंडाशी, दाराच्या फटीतून — ‘पावणं, कोण गाव?’ म्हणजे इथं कशाला आलायस? हा बदल मला इतरांच्या आधी ऐकू आला. कान तयार होता माझा. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, नाही का? मला मथळा सुचला.

डिसेंबर सरताना आमच्याकडे वर्षाचा आढावा निघायचा. राजकारण, ऊस, कुस्ती, नाटक, आणि गुन्हेगारी माझ्याकडे. देशातल्या गुन्ह्यांचे आकडे दिल्लीहून जाहीर व्हायचे. त्यातल्या चार ओळी वृत्तसंस्थेकडून आमच्यापर्यंत यायच्या. खून, दरोडे, घरफोड्या, फसवणूक — काही वर चढलेलं असायचं, काही खाली आलेलं. खाली आलेलं मी छापत नसे. कोण वाचणार ते? चढलेलं उचलायचं, त्याला कोल्हापूरचं शेपूट लावायचं, की झाला लेख. देशात वाढली म्हणजे इथंही वाढलीच, असं संपादक म्हणायचे. मीही मान डोलवायचो.

खरं तर मला त्यातली मेख माहीत होती. पेठेतल्या एका ठाण्यातल्या जुन्या हवालदारानं ती मला फार आधी सांगितली होती. मी विचारलं होतं, या भागात चोऱ्या एकदम वाढल्या कशा? तो हसला. म्हणाला, ‘‘आवं, नवं सायेब आल्यात, त्ये समदं लिवून घ्या म्हंत्यात. लिवलं की वाढतंय. ह्येच्या आदी लिवत न्हवतो, तवा चोर काय सुट्टीवर गेलतं व्हय?’’ तो साहेब फार टिकला नाही. गुन्हे आटोक्यात ठेवता येत नाहीत म्हणून त्याच्यावर टीका झाली. टीका कुणी केली? मीच, पहिल्या पानावर. त्याच्या जागी आलेल्यानं लिहिणं कमी केलं, आकडे उतरले, आणि मी त्याचं कौतुक छापलं. म्हणजे बघा, सगळ्या देशाचा आलेख काढणाऱ्या मला एका टेबलावर काय चालतं हे पक्कं ठाऊक होतं. तरीही.

तर त्याच टेबलासमोर एका दुपारी एक माणूस उभा होता. तिशीचा, उंच, जाड भुवया, दाढीचे खुंट वाढलेले, शर्टावर ग्रीसचे डाग. नाव यशवंता. हे नाव मला पुढे कधीतरी कळलं असं मी सांगत आलोय. तेही खोटं. तो हवालदाराला नाव-गाव सांगत होता आणि मी बाकावर बसून ऐकत होतो. आजऱ्याकडच्या एका खेड्यातला, बौद्ध, आयटीआय करून कामासाठी शहरात आलेला. हवालदारानं आडनाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. मी ते बघितलं. त्याचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. तुम्हाला समजवायला जात नाही.

‘‘सायकल गेली, सायेब,’’ तो म्हणत होता. ‘‘कॅरेजला हत्याराची पेटी हुती. पाने, पक्कड, मीटर, समदं त्यातच. मिक्सर, शेगड्या, गिझर, घरोघरी जाऊन दुरुस्त करतो मी. आता कामाला जाऊ कसा?’’

‘‘गावंल की. कुणीतरी चुकून नेली असंल. दोन दिस दम धरा, पावणं.’’

‘‘लिवून तरी घ्या.’’

‘‘लिवून सायकल येती व्हय?’’

तो हलेना. शेवटी हवालदार उठला, त्याचा दंड धरला आणि त्याला दाराकडे नेऊ लागला. तसं मारलं-बिरलं नाही. बाहेर घालवत होता एवढंच. उंबऱ्याशी यशवंतानं मान वळवून मागं बघितलं. ऑफिसचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी बटण दाबलं. का दाबलं? चेहरा चांगला आला होता म्हणून. त्याच्या डोळ्यांत राग होता — साधा राग, वस्तू माझी गेली आणि बाहेर मलाच काढताय, असा. पण फोटोत रागाचं कारण येत नाही. फोटोत आला तो एक तांबारलेल्या डोळ्यांचा दांडगा माणूस, आणि त्याच्या दंडावर पोलिसाचा हात.

त्या वर्षीच्या आढाव्याला संपादक म्हणाले, नुसते आकडे नकोत, चेहरा पाहिजे. माझ्याकडे चेहरा होता. मथळा तर केव्हाचा तयार होता — ‘पावणं, कोण गाव?’ खाली बारीक अक्षरात, देशभर गुन्हेगारीचा आलेख चढताच. मधोमध यशवंता, मोठा, तीन कॉलमात. फोटोखाली लिहिलं, ‘पोलिसांच्या तावडीत सापडलेला सराईत.’ सराईत हा शब्द माझा. कुणी सुचवला नाही, कुणी विचारलाही नाही. ओळ तोकडी दिसत होती म्हणून घातला.

गंमत बघा. यशवंताची सायकल कुणी लिहूनच घेतली नव्हती. म्हणजे देशाच्या त्या एवढ्या मोठ्या आकड्यात त्याची चोरी नव्हती. चोरी झालीच नव्हती, कागदोपत्री. आणि त्या आकड्याला तोंड मात्र त्याचं होतं.

हे ते अर्धं. हे मी पुढे पत्रकारांच्या बैठकीत, जेवणावळीत, नव्या पोरांना अक्कल शिकवताना कितीदा तरी सांगितलं. ‘फिर्यादीचाच आरोपी केला की राव मी!’ लोक पोट धरून हसायचे. एखादा विचारायचा, मग पुढे काय झालं हो त्याचं? मी म्हणायचो, काय व्हायचंय, पेपर काय, चार दिवसांत रद्दी. आणि ताट पुढे ओढायचो. ठाण्यात बसून एवढं मी शिकलो होतो — थोडं आपणहून कबूल केलं की झडती थांबते.

आता उरलेलं.

तो ऑफिसात आला होता. काखेत आमचाच अंक, नीट घडी घातलेला. मला वाटलं आरडाओरडा करेल; मी शिपायाला जवळपास राहायला सांगितलं. त्यानं आवाज चढवला नाही. अंक टेबलावर पसरला आणि फोटोवर बोट ठेवलं. ‘‘ह्यो मी. तुमास्नी ठाऊक हाय न्हवं, मी का गेलतो तिथं? तुमी बाकावर हुता.’’ मी म्हणालो, हो. ‘‘मग तेवढं छापा की. दोन वळी. मानूस तक्रार द्याय आलता म्हणून.’’ मी त्याला चहा पाजला. म्हणालो, बघतो. म्हणालो, लोक विसरतात. मग तो सगळ्यात महत्त्वाचं बोलला, आणि ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. ‘‘दुसरं कायबी न्हाई, सायेब. माझं काम लोकांच्या सैपाकघरात असतंय. बाया एकट्या असत्यात घरात. दार उघडलं तर मी जेवतो.’’

मी पुन्हा म्हणालो, बघतो. त्याचा चेहरा मोकळा झाला. ‘‘तुमास्नी ठाऊक हाय, मग झालं,’’ म्हणाला आणि गेला. माझ्यावर विश्वास ठेवून गेला. मला तेव्हा काय वाटलं सांगू? हा इतका गोड का बोलतोय, असं वाटलं. काहीतरी लिहून घेऊन उद्या वकिलाकडे जायचा. दोन ओळी मी छापल्या नाहीत. संपादकांना विचारलंही नाही. त्यांनी नको म्हटलं, असंही मला म्हणता येत नाही.

मग काही दिवसांनी तो फोन आला.

दुपारची वेळ होती. संपादक बाहेरगावी गेले होते, शेजारच्या टेबलावरचा जेवायला गेला होता. म्हणजे समोर कोणी नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता, घाई नव्हती. फोनवर एक वयस्कर, स्वच्छ आवाज. राजारामपुरीकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते, देसाई सर, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे यशवंता बरीच वर्षं यायचा. सगळ्या बिऱ्हाडांचे मिक्सर, शेगड्या त्याच्याच हातच्या. फोटो बघितल्यापासून बायका बिथरल्या होत्या. सोसायटीची मीटिंग लागली होती. शिक्षकी पेशातला माणूस, अगदी जपून बोलत होता.

‘‘मला बातमी वगैरे काही नको,’’ ते म्हणाले. ‘‘मला फक्त एवढंच सांगा, हा माणूस खरोखर चोर आहे का? आमच्याकडं आजवर चमचासुद्धा हललेला नाही. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, पेपरात एक सायेब आहेत, त्यांनीच फोटो काढलाय, त्यांनाच विचारा. ते खरं सांगतील. म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही नाही म्हणालात की माझं काम झालं. मी मीटिंगमध्ये उभा राहून सांगेन.’’

कळलं का तुम्हाला? त्यानं मला साक्षीदार दिला होता. सगळ्या कोल्हापुरात त्याच्या बाजूनं बोलू शकणारे दोघंच, मी आणि तो हवालदार. त्यातलं माझं नाव त्यानं दिलं. माझ्यावर त्याचा भरवसा होता. आणि ‘नाही’ हा केवढा शब्द हो? एवढासा. तो म्हटला असता तर माझं काय जाणार होतं? सर काही मला कोर्टात खेचणार नव्हते. फार तर मनात म्हणाले असते, पेपरवाले कायबी छापतात. तेवढंही मला नको होतं.

मी म्हणालो, ‘‘सर, आम्ही खात्री केल्याशिवाय काही छापत नाही.’’

  सर म्हणाले, ‘‘अस्सं. ठीक आहे. वाईट वाटलं. आभारी आहे तुमचा.’’ माझे आभार मानले त्यांनी.

हेच ते. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. फोटो घाईत गेला असं म्हणता येईल, सराईत हा शब्द सवयीनं पडला असंही म्हणता येईल. पण त्या फोनवर मी शुद्धीवर होतो, सगळं जाणून होतो, आणि एका सरळ माणसानं सरळ विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं. शब्दन् शब्द तोलून दिलं. ‘हो, चोर आहे’ असं मी म्हणालोच नाही, बघा ना. पकडता येणार नाही असं वाक्य मी निवडलं. फोन ठेवल्यावर हात पुसले आणि डबा उघडला. भूकही चांगली लागली होती.

सोसायटीनं त्याचं येणं बंद केलं, एवढं मला कळलं. त्या भागातल्या दुसऱ्या सोसायट्यांनीही. सरांनी त्याला काय सांगितलं असेल? ‘तुझे ते सायेब असं म्हणाले’ असं सांगितलं असेल, की त्याला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिले असतील? याचा मी फार विचार केला. त्याच्यासाठी नव्हे — त्याला माझ्याबद्दल कळलं का, एवढ्यासाठी. सर पुढे वारले. त्यांच्या निधनाची बातमी माझ्याच टेबलावरून गेली.

पुढच्या डिसेंबरात पान लावणारा म्हणाला, तो गेल्या वर्षीचा फोटो आहे, तोच टाकू? मी हो म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं विचारलंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी स्वतः म्हणालो, तो पावण्याचा काढ. ऑफिसात कॉम्प्युटर आले, जुने फोटो त्यांत भरले गेले, आणि यशवंताच्या फोटोला कुणीतरी नाव दिलं, ‘पावणं’. आम्ही तिथं कामाला लागलो तेव्हा पावणं म्हटलं की चहा आठवायचा. नंतर आलेल्या पोरांना पावणं म्हटलं की तो चेहरा आठवायचा. शतक बदललं. देशातले आकडे कधी चढले, कधी उतरले. आमच्या पानावर यशवंता मान वळवून तसाच बघत राहिला, तिशीचा. एखाद्या वर्षी मुंबईची बातमी, एखाद्या वर्षी बिहारची — चेहरा आजऱ्याचा. तोवर तर वरच्या जागेवर होतो मी, एका शब्दात तो फोटो बंद करू शकत होतो. पण बंद केला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का हो? आणि मला ‘का’ची भीती वाटायची.

मग तो मला दिसला. मी नोकरी सोडली त्याच सुमाराला. बायकोनं मिक्सर दिला होता, पातं फिरत नव्हतं. दुकानं बंद, म्हणून हिंडत हिंडत स्टेशनच्या बाजूला गेलो, तर फुटपाथवर पोतं अंथरून एक माणूस मिक्सर-शेगड्या दुरुस्त करत बसलेला. केस पांढरे, भुवया तशाच जाड. मी ओळखलं. कसं ओळखणार नाही? बायकोचा चेहरा जितका बघितला नसेल तितका तो चेहरा मी बघितला होता.

वळून जायला हवं होतं मी. पण त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, ‘‘या की, पावणं. काय झालंय बघू.’’

पावणं. जुन्या आवाजात म्हणाला, बसायला जागा देणाऱ्या. एका डब्यावरची धूळ हातानं झटकली आणि तो डबा माझ्याकडे सरकवला. मी बसलो. माझं टक्कल पडलंय, चष्मा आलाय, मिशी गेलीय. ओळखलं का त्यानं? अजूनही सांगता येत नाही. तो खाली मान घालून पेच काढत होता आणि मी त्याच्याकडे चोरून बघत होतो. मध्येच त्यानं विचारलं, ‘‘कुठं राहता?’’ हा सहज विचारतोय, की याला सगळं माहीत आहे? पाना घ्यायला उठला तेव्हा तो एक पाय जरासा ओढत होता. तोही मला संशयास्पद वाटला.

मिक्सर झाला. पैसे त्यानं सांगितले ते कमीच होते. उठता उठता, काय बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणालो, घरी गिझरही बिघडलाय.

त्याचा हात थांबला. ‘‘घरी?’’ म्हणाला. ‘‘घरी बोलिवतासा?’’ मग घाईघाईनं, मी शब्द मागं घेईन अशी भीती वाटल्यासारखा, ‘‘येतो की. पत्ता सांगा. सकाळीच येतो. लई दिस झालं कुणाच्या घरात काम करून. पर गिझरचं मला चांगलं जमतंय, बघा तुमी.’’

मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

घरी बायकोनं मिक्सर फिरवून बघितला. खूश झाली. म्हणाली, इतकं चांगलं करतो तर गिझरला त्यालाच बोलवा ना. मग, आमच्याकडे सगळे विचारतात तसं तिनंही विचारलं — ‘‘माणूस खात्रीचा आहे ना?’’

पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा मलाच. त्याच्या प्रामाणिकपणाची खात्री असलेला त्या गावात माझ्याइतका दुसरा कोण होता?

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘रस्त्यावरची माणसं. खात्री कोण देणार?’’

दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे, ते त्यानं वाचलं असतं. ती भीती होती, हे खरं. पण ते निम्मंच. उरलेलं निम्मं सांगितलं नाही तर मी पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तो माझ्या स्वयंपाकघरात उभा आहे, बायको घरात एकटी आहे, असं मी मनात आणून बघितलं — आणि मला भ्यायला झालं. खरोखर. वर्षानुवर्षं छापून छापून तो फोटो मलाच पटला होता. माझंच खोटं होतं ते.

स्टेशनकडे जायचं मी टाळू लागलो. काही काम निघालं तर लांबून वळसा घालून जायचो. तो किती दिवस वाट बघत होता, मला माहीत नाही.

गिझरसाठी कंपनीत फोन केला. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला, पाठीला बॅग, तोंडात गुटखा. त्याला मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी दार उघडलं आणि त्याला आत घेतलं.